मॉल लवकर बंद केला तर मोहल्ल्यातल्या दुकानात गिऱ्हाईक येतं का?

राज्य सरकारच्या उद्योग, ऊर्जा, कामगार व खनिकर्म विभागाने १ ऑक्टोबर २०२५ रोजी एक शासन निर्णय काढला. दारू विकणारी किंवा पुरवणारी ठिकाणं आणि त्या प्रकारात मोडणाऱ्या काही आस्थापना सोडल्या तर राज्यातली सगळी दुकानं, हॉटेलं आणि इतर आस्थापना आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास उघड्या ठेवता येतील, हे त्यात पुन्हा एकदा स्पष्ट केलं आहे. अट एकच. प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एकदा सलग २४ तासांची सुट्टी मिळाली पाहिजे.

'पुन्हा एकदा' असं आम्ही मुद्दाम म्हणतोय. ही परवानगी नवी नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला, तेव्हाच ती मिळाली होती. त्याआधी १९४८ चा जुना कायदा होता. ज्याला आपण आजही 'गुमास्ता' किंवा 'शॉप ॲक्ट' म्हणतो तो हाच. त्यात दुकान किती वाजता उघडायचं, किती वाजता शटर ओढायचं, आठवड्यातून कोणता दिवस बंद ठेवायचा, सगळं ठरलेलं असे. २०१७ ला ते गेलं. मग आठ वर्षांनी सरकारला तेच परत का सांगावं लागलं? कारण स्थानिक प्रशासन आणि पोलीस दुकानं रात्री बंद करायला लावतात, अशा तक्रारी सरकारकडे येत होत्या. या मुद्द्याकडे आम्ही पुढे परत येणार आहोत. आमच्या मते सगळ्या चर्चेतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे.

या निर्णयानंतर लहान दुकानदारांमध्ये दोन सूर ऐकू येतात. काही जण म्हणतात, बरं झालं, आता रात्री कोणी दांडा आपटणार नाही. दुसरे म्हणतात, याचा फायदा मॉलला आणि मोठ्या साखळी दुकानांना. आपल्यासारख्यांचा उरलासुरला धंदाही जाणार. त्यांची मागणी सरळ आहे: मोठ्या दुकानांच्या वेळेवर बंधन घाला. रात्री आठला बंद करा, रविवारी बंद ठेवा, म्हणजे गिऱ्हाईक आपल्याकडे वळेल.

ही मागणी आपल्या अनेक घरांना दोन बाजूंनी भिडते. वडील मोहल्ल्यात किराणा, बेकरी किंवा कटलरीचं दुकान चालवतात आणि मुलगा किंवा मुलगी मॉलमधल्या कपड्यांच्या शोरूममध्ये नाहीतर मोठ्या स्टोअरच्या काउंटरवर नोकरीला आहे, अशी घरं मुंब्र्यात, भिवंडीत, मिरजेत, कोंढव्यात कमी नाहीत. मॉलची वेळ कमी झाली तर बापाचा धंदा वाढेल की मुलीची नोकरी जाईल? की दोन्ही? की काहीच नाही? हा प्रयोग जगात काही ठिकाणी प्रत्यक्ष झाला आहे, त्यामुळे अंदाज बांधत बसण्यापेक्षा तिथे काय घडलं ते बघू.

सर्वांत बोलकं उदाहरण दक्षिण कोरियाचं. तिथे ई-मार्ट, होमप्लस, लोट्टे मार्ट अशी अवाढव्य दुकानं आहेत. जुने पारंपरिक बाजार, म्हणजे आपल्या मंडईसारखे भाजी-मासळी-किराण्याचे बाजार, त्यांच्यापुढे ओस पडू लागले. २०१२ मध्ये तिथे नियम आला: मोठी दुकानं महिन्यातून दोन दिवस बंद राहतील आणि मध्यरात्रीपासून सकाळपर्यंत उघडणार नाहीत. नंतर ही सकाळची वेळ १० वाजेपर्यंत नेली. सुट्टीचे ते दोन दिवस बहुतेक ठिकाणी रविवारचे ठेवले गेले, म्हणजे ऐन खरेदीचे. कंपन्या कोर्टात गेल्या. २०१५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१८ ला घटनात्मक न्यायालयाने नियम योग्य ठरवला. म्हणजे कायदा टिकला, अंमलबजावणी झाली, पळवाटाही फार नव्हत्या. इतका स्वच्छ प्रयोग सहसा बघायला मिळत नाही.

पण गिऱ्हाईक बाजारात गेलं का? काही प्रमाणात गेलं असेल. बहुतेकांनी मात्र दुसरंच केलं. रविवारी मार्ट बंद असतं हे कळल्यावर शनिवारी गाडी काढली. आणि दरम्यान मोबाइलवरून ऑर्डर घेणारी कूपांग नावाची कंपनी मोठी होत होती. २०१४ पासून तिने 'रॉकेट' डिलिव्हरी सुरू केली, पुढे रात्री ऑर्डर करा आणि पहाटे दारात माल, अशी सेवाही आली. गंमत बघा. मार्टकडे गावोगावी दुकानं होती, गोदामं होती, माल होता. पण मध्यरात्र ते सकाळी दहा या वेळेत दुकान बंद ठेवायचा नियम असल्यामुळे त्या दुकानातून पहाटे माल घरपोच पाठवणंही त्यांना नियमबाह्य ठरलं. कूपांगला दुकानच नव्हतं, म्हणून तिला वेळेचं बंधनही नव्हतं. २०२३ मध्ये कूपांगची वर्षाची विक्री ई-मार्टच्या पुढे गेली. त्याच वर्षी कूपांगने पहिल्यांदा वार्षिक नफा कमावला आणि ई-मार्टने पहिल्यांदा तोटा दाखवला. होमप्लस मार्च २०२५ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखालच्या पुनर्वसन प्रक्रियेत गेली. त्यात कर्जाचा बोजा हे मोठं कारण होतं, सगळं खापर वेळेच्या नियमावर फोडणं चुकीचं होईल. पण दहा-बारा वर्षांत मंडईवाला जिंकला नाही, एवढं तिथल्या कोणालाही मान्य करावं लागेल. मोठ्याच्या हातातून निसटलेला घास लहानाच्या ताटात पडला नाही. तो तिसऱ्यानेच उचलला.

शेवटी कोरियातल्या काही शहरांनी स्वतःच माघार घेतली. देगू शहराने फेब्रुवारी २०२३ पासून मार्टच्या सुट्टीचा दिवस रविवारवरून सोमवारवर नेला. चोंगजू शहर त्याच वर्षी त्या वाटेने गेलं आणि २०२४ च्या सुरुवातीला राजधानी सोलमधला एक भागही. यात दुकानात काम करणाऱ्यांचा विरोध मोठा होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: सोमवारी सुट्टी मिळून काय करू, मुलं शाळेत आणि नवरा कामावर. हे वाक्य लक्षात ठेवा.

युरोपातही अशीच गोष्ट, थोड्या वेगळ्या वळणाने. पोलंडमध्ये कामगार संघटनेच्या पुढाकाराने २०१८ पासून रविवारची दुकानदारी टप्प्याटप्प्याने बंद झाली. २०२० पासून वर्षातले मोजके रविवार सोडले तर मोठी दुकानं बंदच. लहान दुकानदारासाठी सवलत ठेवली: मालक स्वतः गल्ल्यावर बसणार असेल तर दुकान उघडता येईल. हेतू चांगला होता. पण झाब्का नावाची हजारो छोट्या दुकानांची एक साखळी आहे, ती फ्रँचायझीवर चालते. तिथे प्रत्येक दुकानाचा चालक कागदोपत्री स्वतंत्र धंदेवाईक. तो रविवारी स्वतः उभा राहिला की दुकान उघडं! टपाल सेवेला सूट होती, तर काही मोठ्या दुकानांनी पार्सल घेण्याची खिडकी काढून स्वतःला टपाल कार्यालयच म्हणवून घेतलं. ती पळवाट २०२२ मध्ये बंद करावी लागली. मोठ्या स्वस्त दुकानांनी शुक्रवार-शनिवारी जोरदार सवलती लावल्या आणि लोकांनी रविवारची पिशवी शनिवारीच भरली. एकट्या मालकाची, कुठल्याही साखळीत नसलेली लहान दुकानं बंद होत राहिली.

हंगेरीने मार्च २०१५ मध्ये रविवार बंद केला आणि लोकांची नाराजी एवढी वाढली की वर्षभरातच, एप्रिल २०१६ मध्ये, संसदेने तो कायदा मागे घेतला.

इंग्लंडचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं, कारण तिथे कोपऱ्यावरची दुकानं कित्येक वर्षं आपल्या भागातून गेलेल्या कुटुंबांनी चालवली. १९९४ च्या कायद्याप्रमाणे २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान रविवारी फक्त सहा तास उघडू शकतं. त्याहून लहान दुकानाला बंधन नाही. २०१२ च्या ऑलिंपिकच्या वेळी आठ रविवार हे बंधन उठवलं होतं. २०१६ मध्ये सरकारने ते कायमचं सैल करायचा प्रस्ताव आणला, तो संसदेत ३१७ विरुद्ध २८६ मतांनी पडला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला रविवारच्या त्या तासांचा आधार मिळाला यात शंका नाही. पण बड्या कंपन्यांनी काय केलं? त्यांनी २८० मीटरच्या आत बसतील अशी छोटी दुकानं काढली, गल्लोगल्ली, रेल्वे स्टेशनाशेजारी. कायद्याने मोठ्या दुकानाला अडवलं, मोठ्या कंपनीला अडवता आलं नाही.

आता यामागचं गणित. एखाद्या घराचा महिन्याचा किराण्याचा खर्च समजा आठ हजार रुपये आहे. दुकानं चार तास जास्त उघडी राहिली म्हणून ते घर दहा हजारांचा किराणा खाणार नाही. आणि मॉल चार तास कमी उघडा राहिला म्हणून सहा हजारांत भागवणार नाही. खर्च तोच राहतो. तो कुठल्या दिवशी, कोणत्या तासाला आणि कोणाच्या गल्ल्यात पडतो एवढंच बदलतं. थोडा फरक पडतो तो हौसेच्या खरेदीत, बाहेरच्या खाण्यात, फिरायला गेल्यावर सहज घेतलेल्या वस्तूत. तेल, तांदूळ, साबणात नाही.

हे आपण आपल्या डोळ्यांनी बघितलंय. २०२१ च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात राज्यात कित्येक जिल्ह्यांमध्ये दुकानं संध्याकाळी ४ वाजता बंद होत होती. त्या चार वाजायच्या आधीची गर्दी आठवा. धंदा सगळा दुपारी कोंबला गेला. जो मजूर सहाला सुटतो त्याला खरेदीच करता येत नव्हती. वेळ वाढवून द्या म्हणून व्यापारी आंदोलन करत होते, पुण्यात तर ठरलेली वेळ झुगारून दुकानं उघडी ठेवली गेली. घरपोच माल आणणाऱ्या कंपन्यांचे रायडर मात्र चारनंतरही फिरत होते. ज्यांनी तोवर कधी मोबाइलवरून किराणा मागवला नव्हता, त्यातले किती तरी जण तेव्हा शिकले आणि परत आले नाहीत.

म्हणूनच आज मॉलला रात्री आठला बंद करा अशी मागणी करणाऱ्यांना आम्ही विचारतो: ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्टच्या त्या बंद शटरमागच्या गोदामांचं काय करणार? गिऱ्हाईक ज्यात पाय ठेवत नाही, बाहेर पाटी नाही, पण दहा-पंधरा मिनिटांत माल पोचवतं असं ते दुकान आहे की गोदाम? वेळेचा नियम 'दुकाना'ला लावला तर ते सुटतं. मॉल बंद, मोहल्ल्यातलं दुकान उघडं, आणि गिऱ्हाईक घरी बसून मोबाइलवर. कोरियाची पुनरावृत्ती, फक्त पहाटेऐवजी दहा मिनिटांत. वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाकडे जी तक्रार केली ती या कंपन्यांच्या किमतींबद्दल होती, तोटा सोसून स्वस्त विकण्याबद्दल होती. दुकान उघडण्याच्या वेळेबद्दल नव्हती. त्यांना दुखणं नेमकं कुठे आहे ते बरोबर कळलं, असं आम्हाला वाटतं.

खरं तर मोहल्ल्यातलं दुकान वेळेवर कधी चाललंच नाही. ते चालतं उधारीच्या वहीवर. ते चालतं सुट्ट्या मालावर, पाव किलो साखर आणि दहा रुपयांच्या चहापत्तीवर. घरात पाहुणे आले की पोराला पळवून दही मागवण्यावर. महिन्याच्या एक तारखेला डीमार्टमध्ये ट्रॉली भरणारं घर वीस तारखेनंतर त्याच कोपऱ्यावरच्या दुकानात येतं, कारण पगार संपलेला असतो आणि मोठ्या स्टोअरमध्ये 'लिहून ठेवा चाचा' चालत नाही. मोठ्या दुकानाची ताकद आहे खरेदीच्या भावात. ते कंपनीकडून ज्या दरात माल उचलतं तो दर लहान दुकानदाराला होलसेल बाजारातही मिळत नाही. म्हणून काही दुकानदार स्वतःच स्कीम लागली की मोठ्या स्टोअरमधून माल आणून विकतात. ही तफावत रविवार बंद ठेवून भरून निघत नाही. दहा-वीस दुकानदारांनी मिळून एकत्र खरेदी केली तर थोडी भरते. असे प्रयत्न आपल्याकडे होतात आणि बहुतेक वेळा 'हिशोब कोण ठेवणार' यावर मोडतात, तो वेगळा विषय.

मग वेळेवर बंधन निरर्थक आहे का? तसं अजिबात नाही. त्याचा खरा परिणाम गिऱ्हाइकावर नाही, काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसावर होतो. तिथलं गणित जरा मांडून बघू.

कायद्याने एका कामगाराकडून आठवड्याला ४८ तास काम घेता येतं. मोठं दुकान रोज १२ तास, सातही दिवस उघडं राहिलं तर आठवड्याचे ८४ तास होतात. म्हणजे एका काउंटरला पावणेदोन माणसं लागतात. चोवीस तास उघडं ठेवलं तर १६८ तास, साडेतीन माणसं. कागदावर ही रोजगाराची चांगली बातमी आहे. कॅनडा, जर्मनी अशा देशांत वेळ सैल केल्यावर रोजगार थोडा वाढल्याचं अभ्यासकांनी दाखवलंही आहे, जरी त्यात अर्धवेळ नोकऱ्यांचा वाटा मोठा होता. पण आपल्याकडे मालक साडेतीन माणसं ठेवेल की दोघांकडूनच साडेतिघांचं काम काढून घेईल? ज्यांची मुलं अशा ठिकाणी नोकरीला आहेत त्यांना उत्तर माहीत आहे. सुट्टीच्या दिवशी 'स्टॉक घ्यायचाय, ये' असा फोन. संध्याकाळी सातची सुटी साडेनऊला. ओव्हरटाइमचा दर कायद्यात दुप्पट आहे. हातात काय पडतं ते विचारू नका.

आणि याच काळात कायद्याचं छत्र लहान होतंय. २०१७ चा कायदा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर न्यायला आणि रोजचे कामाचे तास नऊवरून दहा करायला मंजुरी दिली. तिमाहीतली ओव्हरटाइमची मर्यादा १२५ तासांवरून १४४. पुढच्याच महिन्यात चोवीस तासांचा शासन निर्णय. दोन्ही एकत्र ठेवून वाचा. दुकान उघडं राहण्याचे तास वाढले आणि ज्या कामगाराच्या नावाने कायदा उभा आहे, त्यांची संख्या कमी झाली. बारा-पंधरा पोरं ठेवणारं कपड्याचं दुकान, मध्यम आकाराचं हॉटेल, मोबाइलचं शोरूम, आपल्या तरुणांना नोकरी मिळते ती बहुतेक अशाच ठिकाणी. मॉल किती वाजता बंद होतो यावर जेवढा आवाज झाला, त्याच्या दहावा हिस्साही या बदलावर झाला नाही. आम्हाला हे खटकतं.

लहान दुकानाचंही गणित बघा, कारण आपण ते कधी मांडतच नाही. सकाळी सातला उघडतो, रात्री अकराला बंद करतो. रोज १६ तास, आठवड्याला ११२. बाप आणि मुलगा मिळून चालवतात, म्हणजे प्रत्येकी ५६ तास, एकही सुट्टी नाही. मॉलमधल्या नोकराला जितके तास कायदा परवानगी देतो त्यापेक्षा आठ जास्त, तेही मालक असून. पगार धरला तर यातली कित्येक दुकानं तोट्यात निघतील; ती चालतात कारण घरच्या माणसाच्या श्रमाला भाव लावलेला नसतो. अशा दुकानाला 'आता तुम्ही चोवीस तास उघडं ठेवू शकता' असं सांगितलं तर तिसरी पाळी कोण करणार? दहावीतला मुलगाच ना? मेडिकल, चहा-नाश्ता, स्टेशनाजवळचं हॉटेल यांना रात्रीचा धंदा आहे. किराण्याला रात्री दोन वाजता कोण येतं?

जुन्या गुमास्ता कायद्यातला साप्ताहिक बंद लोकांना जाचक वाटायचा, पण त्याने एक गोष्ट साधली होती. शेजारचा उघडा असताना मी बंद ठेवला तर माझं गिऱ्हाईक जाईल, ही भीती नव्हती, कारण सगळेच बंद असत. आता बंद ठेवायला कोणी अडवत नाही, पण एकट्याने ठेवायची कोणाची हिंमत होत नाही. काही बाजारपेठांमध्ये व्यापारी संघटनांनी आपापसांत ठरवून आठवड्याचा एक दिवस अजूनही टिकवलाय. तो टिकवावा असं आमचं स्पष्ट मत आहे. सरकारी जबरदस्तीने नको. पण आपसात ठरवून घेतलेली सुट्टी ही दुकानदाराने दुकानदाराला दिलेली सवलत आहे, त्यात कोणाचं नुकसान नाही.

कोणता दिवस, हा प्रश्न मात्र सोपा नाही. मालेगावचं उदाहरण घ्या. तिथे यंत्रमागांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. हजारो मजूर एकाच दिवशी मोकळे. जुम्याची नमाज होते, घरचे एकत्र जेवतात, बाजार आणि थिएटर भरतात. त्या शहराचा खरेदीचा दिवस शुक्रवार आहे. मुंबईत बसून कोणी 'मोठी दुकानं रविवारी बंद' असा नियम केला तर मालेगावात त्याचा ना दुकानदाराला उपयोग, ना मजुराला. आणि 'शुक्रवारी बंद' केला तर मजुराच्या एकुलत्या एका मोकळ्या दिवशी बाजारालाच कुलूप. सुट्टीची किंमत सगळ्यांची सुट्टी एकत्र असण्यात आहे. कोरियातल्या त्या कामगार बाईचं म्हणणं हेच होतं. म्हणून असा निर्णय शहरानुसार, बाजारानुसार झाला पाहिजे, राज्यभर एकाच शिक्क्याने नाही.

आता सुरुवातीला सोडलेला मुद्दा. मोठ्या दुकानांच्या वेळेवर बंधन हवं की नको, अशी चर्चा आपण करतो तेव्हा असं गृहीत धरतो की आज कोणावरच बंधन नाही. कागदावर खरं आहे. प्रत्यक्षात बंधन आहे, आणि ते लहानांवर आहे. मॉलच्या दारात रात्री अकराला कोणी शिट्टी वाजवत येत नाही. गल्लीतल्या चहाच्या टपरीवर, कबाबच्या गाडीवर, हॉटेलवर येतात. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत चोवीस तासांची घोषणा झाली तेव्हाही सुरुवात मॉल आणि कुंपणाच्या आतल्या बिगर-निवासी संकुलांपासून झाली होती; वस्तीतल्या दुकानाचा त्यात विचारच नव्हता. आपल्या वस्त्या तर दाट, घर-दुकान एकत्र, खाली धंदा आणि वर संसार. तिथे 'निवासी भाग' म्हणून बोट दाखवणं सोपं असतं.

रमजानमध्ये हे जास्त जाणवतं. त्या महिन्यात मोहल्ल्याचं घड्याळच उलटं फिरतं. इफ्तारनंतर माणसं बाहेर पडतात, तरावीहनंतर खरा बाजार सुरू होतो, शेवटच्या अशऱ्यात कपडे, चपला, बांगड्या, शेवया यांची खरेदी सेहरीपर्यंत चालते. मोहम्मद अली रोडची गर्दी टीव्हीवर दिसते, पण असाच बाजार छोट्या-मोठ्या प्रत्येक गावात भरतो. कित्येक फेरीवाल्यांची वर्षाची कमाई या तीस रात्रींवर उभी असते. आणि दर वर्षी शांतता समितीच्या बैठकीत तीच विनवणी: साहेब, एवढे दिवस दोनपर्यंत चालू द्या. मेहेरबानी म्हणून मिळतं, हक्क म्हणून नाही. ज्याच्याकडे दुकान आहे आणि शॉप ॲक्टची नोंद आहे, त्याला आता शासन निर्णय दाखवता येईल. त्याची प्रत दुकानात लावून ठेवा असं आम्ही सांगू. हातगाडीवाल्याला तेवढाही आधार नाही. त्याच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, नगर पथविक्रेता समितीने जागा आणि वेळ ठरवायची आहे, आणि या समित्यांचं काम अनेक शहरांत रखडलेलं आहे. त्या समितीत आपल्या भागातून कोण बसतं, निवडणूक झाली की नाही, विक्रीच्या वेळेत रमजानच्या आणि इतर सणांच्या रात्री लिहिल्या आहेत की नाहीत, हे विचारायला महापालिकेत जाणं मॉल बंद करा म्हणून मोर्चा काढण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

शेजाऱ्यांचाही एक हक्क आहे, हे इथे सांगितलं पाहिजे. रात्रभर बाजार म्हणजे रात्रभर हॉर्न, लाऊडस्पीकर, कचरा. दुसऱ्या दिवशी परीक्षा असलेली मुलं आणि आजारी म्हातारी माणसं त्याच इमारतीत राहतात. तीस रात्रींची सूट मागायची तर आवाजाची आणि सफाईची जबाबदारी दुकानदारांच्या संघटनेने लेखी घ्यावी. काही ठिकाणी घेतात, आणि तिथे पोलिसांशी वादही कमी होतात.

मोठ्या दुकानांवर बंधन घालायचंच असेल तर आमच्या मते सुरुवात शटरच्या वेळेपासून करू नये. काउंटरवरच्या मुलीला आठवड्याची सलग २४ तासांची सुट्टी मिळते का, ओव्हरटाइमची नोंद होते का, रात्री साडेनऊनंतर थांबवताना तिची संमती आणि घरी पोचवायची गाडी, या कायद्यातल्या अटी पाळल्या जातात का, हे तपासायला माणूस पाठवा. त्यातून मोठ्या दुकानाचा खर्च वाढेल. रात्रीचे तास जर खरोखर दुप्पट मजुरी देऊन चालवावे लागले तर कित्येक मोठी दुकानं आपणहून दहाला बंद होतील, कोणी सांगायची गरज नाही. आणि आडबाजूच्या बंद शटरच्या गोदामालाही हाच नियम लागू असेल, कारण तिथे गिऱ्हाईक नसलं तरी माल उचलणारी पोरं आहेत.

सध्या तरी वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानात नोकरी करणाऱ्या मुलाने आपली सुट्टी कोणाकडे मागायची, याचं उत्तर द्यायला कामगार खात्याच्या खिडकीवर कोणी बसलेलं नाही.